सेकंडहँड डिझायनर हँडबॅग ऑनलाइन घेताना अस्सल-नकली कसं ओळखायचं?

हिरवीकाच (धागा काढणारी)

लुई व्हिटॉनची (एलव्ही) मोनोग्राम स्पीडी, म्हणजे कंपनीच्या अक्षरांची नक्षी असलेली हँडबॅग, घ्यायचं बरेच दिवस मनात आहे. नवी खिशाला झेपणारी नाही, म्हणून सेकंडहँड शोधतेय. एका रीसेल साइटवर एक सापडली आहे. विकणारीचं म्हणणं असं की २०१६ साली शोरूममधून स्वतः घेतली, फार वापरली नाही. सोबत बॉक्स, कापडी पिशवी, बिल आणि 'ऑथेंटिसिटी कार्ड' असं सगळं देणार आहे. भाव मात्र इतर ठिकाणी चाललाय त्याच्या निम्म्याहून कमी.

'असली की नकली' छापाचे व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय. एक म्हणतो चेन बघा, दुसरा म्हणतो टाके मोजा, तिसरा म्हणतो वास घ्या. फोटोचा वास कसा घेणार?

मला फोटोत जे दिसतंय ते लिहिते. पुढच्या बाजूला एलव्हीची अक्षरं सुलटी आहेत, मागच्या बाजूला चक्क उलटी. हँडलचं चामडं एकदम फिकट, नव्यासारखं. पण बाजूच्या कडांची पायपिंग (कडेला शिवलेली बारीक गोल पट्टी) खालच्या कोपऱ्यांवर घासून काळवंडली आहे. आत एका बारक्या पट्टीवर दोन अक्षरं आणि पुढे ५१०८ असा आकडा ठोकलाय. जाणकारांनी सांगा, घेऊ का?

टाचणी

मागे उलटी अक्षरं? मग विषयच संपला. एवढी मोठी कंपनी स्वतःचं नाव उलटं छापेल होय? डुप्लिकेट आहे.

आडगल्ली

+१. पळा.

सुईदोरा

टाचणी, आडगल्ली, बॅग नकली असेलही, पण या कारणाने नाही. स्पीडीचा कॅनव्हास एकसंध असतो. एकच तुकडा पुढून खाली येतो, तळाशी वळतो आणि मागे वर चढतो. तळाला जोड नाही, त्यामुळे पुढे सुलटं असलेलं चित्र मागे उलटं दिसणारच. मोनोग्राम स्पीडीच्या दोन्ही बाजू सुलट्या दिसल्या आणि तळाला जोडही नसला, तर मी जास्त बारकाईने बघेन.

मी चामड्याच्या वस्तूंची दुरुस्ती करते. अस्सल आणि नकली दोन्ही बॅगा माझ्या टेबलावर उसवल्या जातात. त्या अनुभवावरून सांगते, फोटो बघून बॅग अस्सल आहे असं छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. नकली आहे हे मात्र पुष्कळदा फोटोवरूनच ठरतं, कारण त्याला एक विसंगती पुरते. त्यामुळे 'अस्सलची खूण' शोधत बसू नका. विकणारीची हकीकत, बॅगेचं वय आणि बॅगेवरची झीज यांचा आपापसात मेळ बसतो का, एवढंच आधी तपासा.

तुमच्या बॅगेचा मेळ लावून बघू. आतला आकडा म्हणजे डेट कोड. पुष्कळ लोक त्याला सीरियल नंबर समजतात, पण तो एका बॅगेचा नसतो. एकाच सुमारास एकाच कारखान्यात बनलेल्या ढीगभर बॅगांवर तोच असतो. अक्षरं कारखान्याची, आकडे तारखेचे. १९९० ते २००६ या काळात पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला.

आता ५१०८ वाचा. पहिला ५ आणि तिसरा ०, म्हणजे ५०वा आठवडा. दुसरा १ आणि चौथा ८, म्हणजे २०१८. जुन्या पद्धतीने वाचावं तर पन्नासावा महिना निघतो, म्हणजे तोही प्रश्न मिटला. २०१८च्या डिसेंबरात शिवलेली बॅग बाईंनी २०१६ मध्ये शोरूममधून कशी काय घेतली?

दुसरं, ते कार्ड. लुई व्हिटॉन ऑथेंटिसिटी कार्ड देतच नाही. बॅगेबरोबर माहितीपत्रक येतं, बिल येतं, पण 'ही बॅग अस्सल आहे' असं सांगणारं प्लास्टिकचं कार्ड नाही. ते आहे म्हणजे कोणीतरी मुद्दाम छापून घेतलंय.

हिरवीकाच

बाप रे. कार्ड आहे म्हणून तर मी निर्धास्त होते! आणि ते फिकट हँडल? ते चांगलं की वाईट?

सुईदोरा

त्याचंच लिहिणार होते. मोनोग्राम बॅगेचं अंग चामड्याचं नसतं, कॅनव्हासला थर दिलेला असतो. हँडल, पट्ट्या, पायपिंग हे मात्र व्हाचेटाचं. व्हाचेटा म्हणजे झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेलं, वर कसलाही संरक्षक थर न दिलेलं चामडं. हवा, ऊन, हाताचं तेल लागलं की ते आधी मधासारखं होतं आणि मग तपकिरीकडे जातं. पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहतो. ज्या बॅगेची पायपिंग काळवंडली आहे तिची हँडलं दुधासारखी पांढरी राहत नाहीत. रोज हात लागतो तो हँडललाच ना!

याला दोनच अर्थ. एक तर हँडलं बदलून घेतली आहेत. कंपनी पैसे घेऊन बदलून देते, मग त्याचा कागद मागा. नाहीतर ते व्हाचेटाच नाही. स्वस्त नकलेत थर मारलेलं चामडं किंवा सरळ रेक्झिन लावतात. त्यावर कितीही वर्षं गेली तरी रंग चढत नाही, नुसता मळ चढतो.

टाके मोजण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांशी जुळवा. हँडल जिथे बॅगेला शिवलंय तिथल्या चारही चकत्या शेजारी ठेवून बघा. अस्सल बॅगेत त्या सारख्या दिसतात. दोरा मोहरीच्या पिवळ्या छटेचा असतो, भडक लिंबू पिवळा नव्हे. आणि ठशातली अक्षरं बघा : इंग्रजी ओ गोल गरगरीत, एलचा आडवा पाय आखूड, व्हिटॉनमधले दोन टी एकमेकांना जवळजवळ टेकलेले. नकलेत ओ अंड्यासारखा होतो. मात्र फोटो समोरून काढलेला हवा, फोनच्या वाइड लेन्सने कडेला गोल वस्तू लांबट दिसतात. त्यावरून कोणावर आळ घेऊ नका.

पानगळ

सुईदोरा, दंडवत. आठवड्यांचं गणित पहिल्यांदाच कळलं.

मी बॅगांतला नाही, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी बघणं हे माझं काम. माझा क्रम उलटा असतो, बॅग शेवटी आणि विकणारा आधी. हिरवीकाच, दोन गोष्टी लगेच करा. प्रत्येक फोटो उलट-शोधात टाका, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते कळेल, गूगल लेन्सने होतं. आणि विकणारीला एक नवा फोटो मागा : बॅग उघडी, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर तुम्ही दिलेला एखादा विचित्र शब्द आणि आजची तारीख, आणि त्याच फोटोत डेट कोडही. नुसती चिठ्ठी मागू नका, चिठ्ठी आज कोणालाही फोटोत घुसडता येते. चिठ्ठी, डेट कोड आणि अस्तराची एखादी चुणी एकाच चौकटीत असली की खोटं करणं जड जातं. छोटा व्हिडिओ मिळाला तर उत्तमच.

हिरवीकाच

अपडेट. तिला विचारलं, २०१६ साली कशी घेतलीत? तर आता म्हणते, 'भेट मिळाली होती, साल नक्की आठवत नाही.' काल शोरूममधून स्वतः घेतली होती!

आणि पानगळ, फोटो टाकून बघितले. बाहेरचे चारही फोटो एका परदेशी साइटवर मिळाले, दुसऱ्याच कोणाच्या तरी जाहिरातीत. ती बॅग विकली गेली असं तिथे दिसतं. त्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय, 'हँडलं कंपनीकडून बदलून घेतली आहेत.' डेट कोडचा आणि कार्डाचा फोटो मात्र तिथे नाही.

सुईदोरा

मग तुमच्या फिकट हँडलांचं कोडं सुटलं! बाहेरचे फोटो अस्सल बॅगेचे, आतले फोटो हिच्याकडे असलेल्या कुठल्यातरी वेगळ्याच बॅगेचे. फोटोतली बॅग तुम्हाला कधीच येणार नव्हती.

पानगळ

ही सगळ्यात जास्त चालणारी पद्धत आहे. लोक तासन् तास अस्सल फोटोचे टाके मोजतात आणि घरी येते ती निराळीच वस्तू. जाहिरात रिपोर्ट करा. रिपोर्ट करताना त्या मूळ जाहिरातीची लिंक जोडा, नुसतं 'नकली वाटते' लिहिलं तर कोणी लक्ष देत नाही. आणि 'साइटबाहेर या, चॅटवर बोलू, कमिशन वाचेल' असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका. साइटबाहेर पैसे दिले की साइटचं संरक्षण गेलं.

हिरवीकाच

आलाच होता तो मेसेज. रिपोर्ट केली. शोध चालू ठेवते.

नवखी_पाहुणी

माझाही एक प्रश्न याच धाग्यात विचारू का? मला सोशल मीडियावर चॅनेलच्या बॅगांची जाहिरात दिसतेय. 'वेअरहाऊस क्लिअरन्स, ७० टक्के सूट', खाली उलटं धावणारं घड्याळ. साइट एकदम चकाचक, कुलपाची खूणपण आहे. हे सेकंडहँड नाही, नवीनच म्हणतात.

पानगळ

पाहुणीताई, क्रेडिट कार्ड काढूच नका.

चॅनेल आपल्या हँडबॅगा ऑनलाइन विकत नाही. परफ्यूम, मेकअप, चष्मे विकते. बॅगेसाठी दुकानातच जावं लागतं. म्हणजे 'चॅनेलची नवी बॅग, अधिकृत साइट, कार्टमध्ये टाका' हे वाक्यच खोटं. लुई व्हिटॉन स्वतःच्या साइटवर विकते, पण कधीच सूट देत नाही आणि तिचं आउटलेटही नाही. त्यामुळे या दोन ब्रँडबाबत 'सेल' हा शब्द दिसला की टाके बघायची गरज उरत नाही. गुची, प्रादा, कोच यांची मात्र खरीखुरी आउटलेट दुकानं आहेत, तिथे सूट असते. सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधला कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय याची हमी त्यात नाही. ते प्रमाणपत्र फुकट आणि मिनिटांत मिळतं, चोरालाही.

मी काय बघतो? डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी नोंदवलं ते (हूइज नावाच्या शोधात कळतं). ऐंशी वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दुकानाचं डोमेन मागच्या महिन्यातलं असेल तर काय ते समजा. मग रिटर्न पॉलिसीचं पान शेवटपर्यंत वाचतो. ते पान कोणी वाचत नाही, म्हणून चोरही ते दुसरीकडून उचलून चिकटवतो, आणि मधेच कुठल्यातरी बागकामाच्या दुकानाचं नाव तसंच राहून जातं. हे मी रंगवून सांगत नाही, असं खरोखर सापडतं. शेवटी पैसे कसे मागतात ते. क्रेडिट कार्डाला तक्रार करून पैसे परत मागवायची सोय असते. बँक ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, किंवा पेपालवर 'मित्र-नातेवाईक' प्रकारात पाठवा असं कोणी म्हटलं, तर ती सोय काढून घेण्यासाठीच म्हणतं.

आडगल्ली

बागकामाचं दुकान 😂 'बॅग परत करताना मुळांना माती असावी.'

गोधडी

चॅनेल सेकंडहँड घेताना काय बघायचं तेही लिहा ना कोणीतरी.

सुईदोरा

गोधडीताई, चॅनेलमध्ये मला आवडते ती चौकटींची शिवण. मागचा खिसा किंवा वरचं झाकण बॅगेच्या अंगाला जिथे टेकतं तिथे तिरप्या रेषा पुढे तशाच चालू राहायला हव्यात, जणू खिसा वेगळा शिवलेलाच नाही. हे जुळवायला बेतताना चामडं वाया जातं, म्हणून नकलेत तिथेच हात आखडतात. चौकटीत टाके विरळ असतील तर चामडं फुगून गुबगुबीत दिसतं, तेही बघा.

दोन सी एकमेकांत गुंतलेले असतात ते कसे? वरच्या बाजूला उजवा सी डाव्याच्या वरून जातो, खालच्या बाजूला डावा उजव्याच्या वरून. फोटो आरशातून काढला असेल तर हे उलटं दिसेल, म्हणून आधी जवळपासची इंग्रजी अक्षरं वाचून घ्या. मॉडेलचं नावही तपासा. २.५५ ही बॅग फेब्रुवारी १९५५ मधली, नाव तिथूनच पडलं. तिचं मूळ कुलूप साधं आयताकृती. दोन सी असलेलं फिरकीचं कुलूप चॅनेलचा डिझायनर कार्ल लागरफेल्डच्या काळात, १९८०च्या दशकात आलं. 'आजीची १९६०ची चॅनेल' म्हणून कोणी सी-सी कुलूपवाली दाखवली तर पुढचं तुम्हीच समजा.

आतला सीरियल नंबरचा स्टिकर २०२१ पर्यंत होता. त्यानंतर चिप असलेली धातूची छोटी पट्टी आली. लुई व्हिटॉननेही त्याच वर्षी डेट कोड बंद करून आत चिप घालायला सुरुवात केली. त्यामुळे २०२३ची एलव्ही बॅग आणि आत ठसठशीत डेट कोड असं कोणी दाखवलं तर तो कोडच तिच्या विरोधात जातो. पण उलट बाजूने, फोनला चिप सापडली म्हणून बॅग अस्सल, असंही नाही. कोऱ्या चिपा पाकिटाने मिळतात. तिच्यातला नंबर कंपनीच्या नोंदीत आहे की नाही हे कंपनीच सांगू शकते, आणि सेकंडहँड बॅगा तपासून लेखी द्यायला बहुतेक ब्रँड तयार नसतात.

टाचणी

कार्डांबद्दल एक गंमत. माझ्या बहिणीच्या गुचीच्या बॅगेत 'कंट्रोलातो' लिहिलेलं राखाडी कार्ड आहे, त्यावर १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ ० असे नुसते आकडे छापलेत. आम्ही म्हटलं, नकली करणाऱ्याने नंबर घालायचा आळस केला! पण बॅग कंपनीच्या दुकानातूनच घेतलेली.

सुईदोरा

बरोबर, ते कार्ड तसंच असतं. गुचीच्या आतल्या चामडी पट्टीमागे आकड्यांच्या दोन ओळी असतात. वरची मॉडेलची, त्यामुळे तो नंबर शोधात टाकला की त्याच आकाराची बॅग दिसायला हवी. दुसऱ्याच मॉडेलची निघाली तर संपलं. पण जुळली म्हणजे अस्सल, असं नव्हे. नकली करणारेही नंबर बघूनच ठोकतात.

कोरडवाहू

एक बाळबोध शंका. आत 'मेड इन चायना' लिहिलेलं असेल तर नकलीच ना? आणि चेनवर वायकेके असेल तर?

गोधडी

मीपण हेच विचारणार होते. माझ्या कोचवर 'मेड इन व्हिएतनाम' आहे.

सुईदोरा

दोन्ही नाहीत. कोच ही १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कंपनी, पण तिच्या बॅगा कित्येक वर्षं व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपिन्स, चीन इथे बनतात. मायकल कोर्सचंही तसंच. लुई व्हिटॉन फ्रान्सबरोबर स्पेन, इटली आणि अमेरिकेतही बनवते, त्यामुळे 'मेड इन यूएसए' वाचून एलव्ही टाकून देऊ नका. आणि एर्मेसवर 'मेड इन इटली' दिसलं तर मात्र थांबा, त्यांच्या चामडी बॅगा फ्रान्समध्ये बनतात.

वायकेके ही चेन बनवणारी जगातली मोठी कंपनी. अस्सलवालेही वापरतात, नकलीवालेही. लाम्पो, रीरी वगैरे नावं महागड्या बॅगांवर दिसतात, तीही खोटी ठोकता येतात. चेनचं नाव वाचण्यापेक्षा ती हलते कशी ते बघा, म्हणूनच व्हिडिओ मागवायचा.

एर्मेसचा विषय निघालाच आहे तर एक जवळून दाखवते. बर्किन, केली या त्यांच्या नावाजलेल्या बॅगांची वरची शिवण हाताची असते. मेण लावलेला तागाच्या जातीचा दोरा, लिननचा, दोन्ही टोकांना सुई. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात. त्यामुळे टाके किंचित तिरपे बसतात, आणि भिंग धरलं तर एखादा टाका शेजाऱ्यापेक्षा केसभर वेगळा दिसतो. मशीनचा टाका सरळ, एकसारखा, निर्जीव. लोक फोटो पाठवून म्हणतात, 'बघा, किती परफेक्ट शिवण आहे, अस्सलच असणार.' बर्किनच्या बाबतीत त्याच परफेक्टपणाची मला धास्ती वाटते. दुरुस्तीला आली की लगेच कळतं : मशीनचा एक टाका तुटला की ओळ उसवत जाते, हातची तिथल्या तिथे थांबते.

वर्षाचं अक्षर, म्हणजे बॅग कुठल्या साली बनली ते सांगणारा ठसा, कसं ठोकलंय तेही बघा. १९७१ ते १९९६ वर्तुळात, १९९७ ते २०१४ चौकोनात, २०१५ पासून नुसतं. आणि हो, एर्मेससुद्धा ऑथेंटिसिटी कार्ड देत नाही. नारिंगी कार्ड हातात दिलं तर साभार परत करा.

प्रादाचं एका ओळीत : नावातल्या इंग्रजी आरचा तिरपा पाय वरच्या गोलाईला पूर्ण चिकटलेला नसतो, मध्ये बारीक फट असते. अस्तरावरही तशीच हवी.

कोरडवाहू

एवढा उपद्व्याप करून शेवटी पिशवीच ना? मी तर म्हणतो सरळ फर्स्ट कॉपी घ्यावी. लांबून कोणाला कळतंय? कंपन्याही अवाच्या सवा नफा घेतात.

टाचणी

कोरडवाहू, कंपनीच्या नफ्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण इथे प्रश्न अस्सलचे पैसे देऊन नकली हातात पडायचा आहे.

पानगळ

शिवाय कॉपी घेणारा नेहमी समजतो की आपण एका श्रीमंत कंपनीला टांग मारली. पलीकडे बिनपावतीचा, बिनतपासणीचा कारखाना असतो, आणि तुमच्या कार्डाचा नंबर त्याच्याकडे राहतो. हा धंदा किरकोळ नाही. ओईसीडी (आर्थिक सहकार्यासाठीची अनेक देशांची संघटना) आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४६७ अब्ज डॉलरच्या नकली मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार झाला. इटलीत तर नकली वस्तू विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. यापुढे या विषयाला वेगळा धागा काढा, इथे भांडण नको.

आडगल्ली

अवांतर : एलव्हीचा तो मोनोग्राम मुळात नक्कल थांबवायलाच काढला होता म्हणतात. खरं का?

सुईदोरा

खरं आहे. त्यांच्या ट्रंकांची नक्कल व्हायची म्हणून आधी १८८८ मध्ये चौकड्यांचा दामिए कॅनव्हास आला, त्यावर नोंदणीकृत असल्याचंही छापलेलं असायचं. तोही उचलला गेला. मग १८९६ मध्ये मुलाने, जॉर्ज व्हिटॉनने, बापाच्या नावाची अक्षरं आणि फुलं घालून मोनोग्राम काढला. आज जगात सगळ्यात जास्त नक्कल होणाऱ्या नक्ष्यांत तोच आहे.

गोधडी

मग तपासून विकणाऱ्या मोठ्या साइटवरून घ्यावी का? तिथे निदान डोकं लावावं लागणार नाही.

पानगळ

धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड हे न्यूयॉर्कचं नामांकित व्हिंटेज दुकान. चॅनेलने त्यांच्यावर २०१८ मध्ये खटला भरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने चॅनेलच्या बाजूने ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. नकली बॅगा विकल्याचाही ठपका त्यात होता. तेव्हा 'आम्ही तपासतो' या वाक्यापेक्षा खालची बारीक अक्षरं वाचा. तपासणी कोण करतं, वस्तू हातात घेऊन की फोटोवरून? नकली निघाली तर पूर्ण पैसे, किती दिवसांत, आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा? ईबेवर काही देशांत ठरावीक ब्रँडच्या महागड्या बॅगा विकणाऱ्याकडून आधी तपासणी केंद्रात जातात आणि मग तुमच्याकडे येतात. अशी वाट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

मोठ्या बाजार-साइटवर 'विकणारा कोण' ही ओळ वाचायला विसरू नका. साइट ओळखीची असते, विकणारा कोणीतरी तिसराच. त्याचे जुने रिव्ह्यू उघडा. वर्षभर मोबाइलची कव्हरं विकून आठवड्यापूर्वी अचानक दहा डिझायनर बॅगा आल्या असतील, तर ते खातं हॅक होऊन दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. पाच तारे कव्हरांचे आहेत, बॅगांचे नाहीत.

सुईदोरा

तपासणीबद्दल माझंही थोडं. हल्ली एन्ट्रुपीसारखी उपकरणं आली आहेत. सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याने चामड्याचे, ठशाचे फोटो घेऊन संगणक जुळवणी करतो. बऱ्याच रीसेलवाल्यांकडे असतं, उपयोगी आहे. पण अलीकडच्या वरच्या दर्जाच्या नकला हाताळल्यावर एक सांगते : त्यात चामडं चांगलं असतं, वजन बरोबर असतं, कुलूप छान वाजतं. 'नकलेला गोंदाचा वास येतो' हे स्वस्त मालापुरतं खरं आहे. अशा बॅगा पकडल्या जातात त्या आतून, जिथे गिऱ्हाईक बघत नाही. अस्तर उलटल्यावर शिवणीची कच्ची कड, कडेच्या रंगाचे थर, कुलपाच्या आतल्या पट्टीचे स्क्रू. म्हणून विकणाऱ्याकडून अस्तर बाहेर काढून फोटो मागा. अस्सलवाला थोडा कुरकुरेल, पण देईल.

नवखी_पाहुणी

आणि इतकं करूनही घरी नकली आलीच तर?

पानगळ

पार्सल उघडतानाच व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या लेबलपासून बॅग बाहेर येईपर्यंत, मध्ये न तोडता. टॅग, सील काही काढू नका, वापरू नका. तक्रार साइटच्या आतूनच करा, आणि 'आवडली नाही' हे कारण चुकूनही निवडू नका. त्याने साधा रिटर्न होतो आणि खर्च तुमच्या माथी येतो. 'वर्णनाप्रमाणे नाही' हे निवडा आणि विसंगती लिहा : जाहिरातीत अमुक लिहिलंय, वस्तूत तमुक आहे. वर सुईदोरांनी ५१०८चं जसं लिहिलंय तसं. 'मला वाटतं नकली आहे' याला ते मत म्हणतात, तारखेच्या गणिताला म्हणू शकत नाहीत. त्रयस्थ तपासणाऱ्याचा लेखी अहवाल मिळाला तर जोडा.

विकणारा म्हणेल, 'तक्रार मागे घ्या, अर्धे पैसे लगेच देतो.' मागे घेतलेली तक्रार बहुतेक ठिकाणी पुन्हा उघडता येत नाही. साइटने हात वर केले तर कार्डाच्या बँकेकडे जा, मुदत असते, म्हणून तिथली तारीख आधीच बघून ठेवा. परत पाठवायची वेळ आली तर साइटने दिलेल्या लेबलवरच, वजनाच्या पावतीसह. विकणाऱ्याने चॅटवर दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर पाठवलीत, तर वस्तू परत मिळालीच नाही म्हणून तो मोकळा.

गोधडी

आणि ती नकली बॅग आपल्याच गळ्यात पडली तर? पुढे स्वस्तात विकली तर चालेल का, 'कॉपी आहे' असं सांगून?

पानगळ

नाही. सांगून विकली तरी नकली माल विकणं हे विकणंच आहे, बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि तुमचं खातं बंद होईल ते वेगळंच. वाद मिटेपर्यंत जपून ठेवा, तो पुरावा आहे.

सुईदोरा

वाद मिटला की माझ्यासारखीकडे द्या. कड्या, चेनी, पट्टे निघतात. ठसा असलेले भाग कापून टाकते, उरलेल्या चामड्यावर नव्या मुली टाके घालायला शिकतात.